पडदा आडवा होतो तेव्हा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल, की हा विषय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मेळाव्यात शोभेल, नागरिकांच्या सभेत त्याचे काय काम? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी पुस्तकातून न देता खिशातून देणार आहे. माझ्या नव्हे, आपल्या खिशातून.

या सभागृहातील जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात किंवा पिशवीत एक फोन आहे, आणि त्यांतले बहुसंख्य अँड्रॉइड या यंत्रणेवर चालणारे आहेत. हा फोन आपण दिवसातून कितीदा तरी उभ्याचा आडवा करतो. सातबाऱ्याचा उतारा उघडला, त्याचे रकाने उभ्या पडद्यात मावेनात, म्हणून फोन आडवा केला. मुलाची गुणपत्रिका आली, फोन आडवा केला. कधी तर आपण काही करतही नाही. पडल्या पडल्या कूस बदलतो आणि आपल्याबरोबर फोनही कूस बदलतो. एवढ्याशा हालचालीने काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. पण अर्ज भरता भरता फोन आडवा झाला आणि निवडलेला फोटो नाहीसा झाला, फिरते चक्र थांबले, किंवा ॲपच मिटून गेले, हा अनुभव पुष्कळांच्या गाठी असेल. अशा वेळी आपण म्हणतो, ‘रेंज गेली.’ नाहीतर म्हणतो, ‘माझेच बोट कुठेतरी लागले.’ वडीलधारी माणसे तर हमखास हे दुसरेच कारण देतात. यंत्रापुढे आपण अडाणी, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलेले असते. मला आज हे दाखवायचे आहे, की पुष्कळदा या दोहोंपैकी एकही कारण खरे नसते. रेंज शाबूत असते आणि बोट निर्दोष असते. पाठीमागे चाललेले काम आणि समोर दिसणारा पडदा यांची गाठ प्रोग्रॅममध्ये चुकीच्या जागी मारलेली असते, आणि फोन फिरला की ती सुटते.

प्रथम फोन फिरल्यावर घडते काय, ते पाहू. फोनच्या पोटात गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारे एक लहान साधन असते. त्याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. फोन आडवा झाल्याचे त्याच्यावरून यंत्रणेला कळते. आता आपली समजूत अशी, की भिंतीवरची तसबीर फिरवावी तसे यंत्रणा समोरचे चित्र फिरवून देते. तसे होत नाही. ॲपचा जो पडदा आपल्याला दिसतो तो सांभाळणारी एक वस्तू प्रोग्रॅममध्ये असते. तिचे नाव ॲक्टिव्हिटी. फोन फिरला, की यंत्रणा ही ॲक्टिव्हिटी मोडून टाकते आणि तिच्या जागी दुसरी, अगदी कोरी, नव्याने बांधते. प्रोग्रॅमरने वेगळे काही सांगून ठेवले नसेल, तर हाच नेम आहे. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकते, म्हणून आपल्याला पडदा फिरला असे वाटते. वास्तविक जुना पडदा गेलेला असतो. आपण पाहतो तो त्याचा वारस.

हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर थोडे मागे जाऊन मिळते. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीस आला. त्याच्या पडद्याखालून खऱ्या बटणांचा टंकफलक सरकून बाहेर येत असे, आणि तो ओढला की चित्र आडवे होई. म्हणजे पडद्याची रुंदी वापरता वापरता मध्येच बदलणार, हा प्रश्न ही यंत्रणा रचणाऱ्यांपुढे पहिल्या दिवसापासून होता. त्यांनी सोय अशी केली, की प्रोग्रॅमरने उभ्या पडद्याची मांडणी वेगळी ठेवावी, आडव्याची वेगळी; इंग्रजी शब्द एका कप्प्यात, मराठी शब्द दुसऱ्या कप्प्यात; आणि कोणत्या वेळी कोणता कप्पा उघडायचा ते यंत्रणेने ठरवावे. परिस्थिती बदलली की जुने सर्व मोडायचे आणि योग्य कप्प्यातले सामान घेऊन पुन्हा मांडायचे. म्हणूनच ही गोष्ट फोन फिरवण्यापुरती मर्यादित नाही. फोनची भाषा इंग्रजीची मराठी केली, रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी निवडली, घडीचा फोन उलगडला, एका पडद्यावर दोन ॲपे शेजारी शेजारी मांडली, तरी बहुधा हाच प्रकार घडतो.

काही प्रोग्रॅमर या योजनेला नावे ठेवतात. मला स्वतःला ती चुकीची वाटत नाही. त्या पहिल्या फोनची काम करण्याची स्मृती अवघी १९२ मेगाबाइट होती. आजच्या साध्या फोनातही तिच्या वीसपट सहज सापडेल. इतक्या लहान घरात अनेक ॲपांनी नांदायचे, तर जागा हवी तेव्हा मागे गेलेले ॲप बंद करण्याचा अधिकार यंत्रणेला हवाच. तो तिने आजही सोडलेला नाही. ज्या ॲपला केव्हाही बंद व्हावे लागेल आणि केव्हाही पुन्हा उभे राहावे लागेल, त्याला मोडून पुन्हा बांधण्याची तयारी एरवीही करावीच लागते. फोन फिरवणे ही त्या तयारीची रोजची तालीम समजावी.

आता दुसरी बाजू, पाठीमागच्या कामाची. आज्ञा एकामागून एक पाळीत जाणारा जो प्रवाह, त्याला इंग्रजीत थ्रेड म्हणतात; आपण धागा म्हणू. प्रत्येक ॲपला एक मुख्य धागा असतो. चित्र काढणे त्याच्याकडे, आपल्या बोटाचा स्पर्श ओळखणेही त्याच्याकडे. चित्र सेकंदाला साठ वेळा नवे करायचे, तर एका वेळेस त्याच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग येतो. हा धागा म्हणजे बँकेतली एकमेव उघडी खिडकी समजा. तिथल्या कारकुनाने एखाद्या गिऱ्हाइकासाठी तळघरातून जुनी वही आणायला स्वतःच जायचे ठरवले, तर रांगेतल्या बाकीच्यांनी काय करावे? म्हणून नियम असा, की दूरच्या सर्व्हरवरून माहिती आणणे, मोठा फोटो पाठवणे, असली लांबणारी कामे मुख्य धाग्याने करू नयेत. पडद्यामागे दुसरा धागा सोडावा आणि त्याने ती करावीत. स्पर्शाला पाच सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर ‘हे ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी यंत्रणा दाखवते. २०११ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तर, त्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ॲपने मुख्य धाग्यावरून नेटवर्क वापरू पाहिले की यंत्रणा ते तिथेच अडवते.

याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. पडद्यावर खूण करण्याचा अधिकार मुख्य धाग्याचाच. दोन रंगाऱ्यांनी एकाच वेळी एकच पाटी रंगवली तर काय होईल, हे सांगायला नको. तेव्हा पडद्यामागच्या धाग्याने काम उरकून परत यावे, उत्तर मुख्य धाग्याच्या हाती द्यावे, आणि त्याने ते पडद्यावर मांडावे.

हे दोन्ही नियम शहाणपणाचे आहेत. पण ते एकत्र आले, की पेच पडतो. मागचा धागा फोटो घेऊन सर्व्हरकडे निघाला. निघताना त्याने पत्ता लिहून घेतला: ‘उत्तर अमक्या पडद्यावर द्यावे.’ वाटेत असतानाच आपण फोन आडवा केला. पडदा मोडला गेला, नवा बांधला गेला. धाग्याला याची वार्ताच नाही. तो ॲक्टिव्हिटीबरोबर मरत नाही. काम पुरे करून तो इमानदारीने जुन्या पत्त्यावर येतो. पुढे काय होते ते प्रोग्रॅम कसा लिहिला आहे यावर अवलंबून. ‘कृपया थांबा’ अशी जी चौकट जुन्या पडद्यावर लावली होती ती काढायला तो जातो, चौकट ज्या खिडकीवर होती ती खिडकीच उरलेली नसते, आणि ॲप कोसळते. हा प्रकार निदान उघड तरी आहे. दुसरा प्रकार अधिक फसवा. उत्तर जुन्या पडद्यावर व्यवस्थित लिहिले जाते. यंत्रणा कसलीही तक्रार करीत नाही. फक्त तो पडदा आता कोणालाच दिसत नसतो. आपण नव्या पडद्यासमोर बसून वाट पाहत राहतो, आणि चक्र फिरत राहते. किंवा चक्रही नसते, कोरा अर्ज असतो.

शिवाय मोडलेला पडदा मोडूनही जागा सोडत नाही. फोनच्या स्मृतीतली निरुपयोगी वस्तू झाडून टाकणारी व्यवस्था असते, पण तिचा कायदा कडक आहे: ज्या वस्तूवर कोणाचाही हक्क शिल्लक नाही, तीच झाडायची. मागच्या धाग्याने पत्ता धरून ठेवला आहे, तोवर जुन्या पडद्यावर त्याचा हक्क. पेठेतल्या जुन्या वाड्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मालक दुसरीकडे राहायला गेला, छपराची कौले गेली, पण मागच्या खोलीत एक भाडेकरू आहे आणि त्याच्या नावाची पावती आहे. वाडा पाडता येत नाही. तसे हे. फोन पाच वेळा फिरवला आणि प्रत्येक वेळी नवा धागा निघाला, तर पाच पडके वाडे स्मृतीत उभे राहतात.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय निवडला तिथे येतो. ही चूक सर्वांना सारखी भोवत नाही. ॲप जिथे लिहिले आणि तपासले जाते त्या कचेरीत नेटवर्क वेगवान असते. फोटो अर्ध्या सेकंदात जातो. त्या अर्ध्या सेकंदात नेमका फोन फिरण्याचा योग किती? तपासनीस दिवसभर बसला तरी त्याला चूक दिसणार नाही. तोच फोटो मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर, डोंगरावर चढून एकच काडी रेंज मिळवून पाठवायचा, तर चाळीस सेकंद लागू शकतात. चाळीस सेकंद हात हलणार नाही असा माणूस कुठला? म्हणजे चूक लिहिली जाते शहरात आणि भोगली जाते मंद नेटवर्कवर. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरणारी मुलगी, विम्यासाठी बुडालेल्या पिकाचा फोटो पाठवणारा शेतकरी, यांच्या वाट्याला ती येते. आणि त्यांनी ‘होत नाही हो’ असे सांगितले की शहरातला माणूस स्वतःच्या फोनवर करून पाहतो आणि म्हणतो, ‘आमच्याकडे तर होते.’ दोघेही खरे बोलत असतात. फरक फक्त अर्ध्या सेकंदाचा आणि चाळीस सेकंदांचा.

पैशाच्या बाबतीत हे आणखी नाजूक होते. समजा, आपण पैसे देण्याचे बटण दाबले, धागा निघाला, आणि फोन फिरला. नवा पडदा कोरा. त्यावर बटण पुन्हा ताजे, जणू काही घडलेच नाही. कोणीही ते पुन्हा दाबील. पहिला धागा मात्र आपले काम करून मोकळा झालेला असतो. अशा वेळी पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून जाणते प्रोग्रॅमर प्रत्येक मागणीला आरंभीच एक स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर म्हणतो, ‘हे मला आधीच मिळाले आहे,’ आणि पहिलेच उत्तर परत देतो. पण तो क्रमांक कोणी कुठे जपला? ज्या पडद्यावर बटण होते त्याच पडद्याने जपला असेल, तर पडद्याबरोबर क्रमांकही गेला. नव्या पडद्याने नवा क्रमांक काढला, आणि सर्व्हरच्या दृष्टीने ती वेगळीच मागणी ठरली. खबरदारी घेतली होती, पण जाणाऱ्याच्याच हाती सोपवली होती.

यावरचे उपाय लोकांनी सतरा-अठरा वर्षे शोधले. २००९ मध्ये असिंकटास्क नावाची सोय आली. मागे धागा सोडा, काम करा, उत्तर मुख्य धाग्यावर आणून द्या, हे सारे चार ओळींत होऊ लागले आणि ती अतोनात लोकप्रिय झाली. पण उत्तर कोणत्या पडद्यावर, हा प्रश्न तिने सोडवलाच नव्हता. पुस्तकांतली उदाहरणे पाहून विद्यार्थी शिकले, ते नोकरीला लागले आणि त्याच चार ओळी देशोदेशींच्या ॲपांत शिरल्या. २०२० मध्ये अकराव्या आवृत्तीत ती सोय अधिकृतपणे मोडीत काढली, तेव्हा कारणांत हेच लिहिले होते: स्मृती अडकून राहते, उत्तरे हुकतात, फोन फिरला की ॲप कोसळते.

काहींनी पळवाट काढली. ‘पडदा फिरला तरी मोडू नकोस, आमचे आम्ही पाहून घेऊ,’ असे यंत्रणेला लिहून देता येते. विशिष्ट ॲपांना, उदाहरणार्थ चलच्चित्र दाखवणाऱ्यांना, ते योग्यही असते. इतरांनी हा कागद लिहून दिला की फिरण्याचा प्रश्न झाकला जातो, पण यंत्रणेने जागेसाठी ॲप बंद केले की तोच आजार पुन्हा वर येतो. दुसरी पळवाट याहून सोपी: ॲप फक्त उभेच चालेल असे ठरवून टाकायचे. मला ही पळवाट मुळीच पसंत नाही. चाकाच्या खुर्चीला टॅब्लेट आडवा पक्का बसवलेला मनुष्य तो फिरवणार कसा? वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय दंडक आहेत, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत, अगदीच आवश्यक नसेल तर एकाच दिशेची सक्ती करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सोळाव्या आवृत्तीने टॅब्लेटसारख्या मोठ्या पडद्यांवर, तिच्यासाठी लिहिलेल्या ॲपांची ही सक्ती मानण्याचेच नाकारले. खेळांना तेवढे वगळले आहे, इतरांना काही काळाची सवलत आहे. पळवाट बुजत चालली आहे.

खरा उपाय २०१७ मध्ये गूगलने रूढ केला. त्याचे नाव व्ह्यूमॉडेल. कल्पना साधी आहे. पडद्यापेक्षा अधिक काळ टिकणारी एक वस्तू ठेवायची. फोन फिरला, पडदा गेला, तरी ही जागची हलत नाही. आपण त्या पडद्यावरून कायमचे निघून गेलो तरच ती मिटते. मागच्या धाग्याने पत्ता घ्यायचा तो हिचा. उत्तर हिच्यापाशी जमा होते, आणि नवा पडदा बांधला गेला की तो येऊन हिला विचारतो, ‘माझ्यासाठी काही आले आहे का?’ पूर्वी धागा पडद्याला शोधत फिरे. आता पडदा येऊन विचारतो. टपाल घरी न मागवता पोस्टातल्या पेटीत मागवावे, म्हणजे बिऱ्हाड कितीही वेळा बदलले तरी पत्र चुकत नाही, तसा हा बदल आहे. धाग्यापाशी पडद्याचा पत्ता नसल्यामुळे जुना वाडाही निर्वेध पाडता येतो.

मात्र व्ह्यूमॉडेल म्हणजे तिजोरी नव्हे. यंत्रणेने सगळे ॲपच बंद केले तर तेही जाते. त्याकरिता थोडी, अगदी मोजकी माहिती यंत्रणेकडे ठेव म्हणून देता येते. आपण टंकलेली अक्षरे सहसा अशीच वाचतात. आणि जे काम आपण ॲप बंद केले तरी व्हायलाच हवे, तो पिकाचा फोटोच घ्या, ते पडद्यालाही बांधू नये आणि व्ह्यूमॉडेललाही नाही. त्यासाठी २०१९ पासून पक्क्या स्वरूपात मिळू लागलेली वर्कमॅनेजर नावाची व्यवस्था आहे. ती काम वहीत नोंदवून ठेवते. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी नोंद राहते आणि रेंज आली की काम पुढे चालू होते. कोणते काम कोणाच्या आयुष्याला बांधायचे, हे ठरवण्यात प्रोग्रॅमरची खरी कसोटी आहे. यंत्रणा ते त्याच्यासाठी ठरवू शकत नाही. पडदा रेखाटण्याच्या २०२१ मधल्या नव्या पद्धतीतही हा प्रश्न सुटलेला नाही. तीत ‘रिमेंबर’ म्हणजे ‘लक्षात ठेव’ अशी एक आज्ञा आहे, आणि गंमत अशी, की फोन फिरवला की ती नेमके विसरते. जपून ठेवायचे असेल तर दुसरी, लांब नावाची आज्ञा लिहावी लागते. घाईतला माणूस आखूड नावच लिहितो.

आयफोन वापरणाऱ्यांना वाटेल, की आपण यातून सुटलो. तिथे फोन फिरला तरी पडदा सांभाळणारी वस्तू मोडली जात नाही, मांडणी तेवढी बदलते, हे खरे. पण काम चालू असता आपण तो पडदा सोडून मागे गेलो, तर उत्तर कोणाला द्यायचे हा प्रश्न तिथेही उरतोच.

आता आपण श्रोत्यांनी काय करावे? पैसे देताना पडदा कोरा झाला, तर बटण पुन्हा दाबण्यापूर्वी बँकेचा संदेश आणि खात्याचा उतारा पाहावा. महत्त्वाचा अर्ज भरताना फोनचे आपोआप फिरणे बंद करून ठेवावे. वरून बोट ओढले की जी पट्टी खाली येते, तिच्यात बहुधा ते बटण असते. आणि ज्यांना उत्साह असेल त्यांनी घरी एक प्रयोग करावा. फिरणे चालू ठेवून कोणत्याही ॲपमध्ये अर्ज अर्धा भरा, फोटो निवडा, आणि फोन आडवा करून पुन्हा उभा करा. काय राहिले आणि काय गेले, ते पाहा.

काही गेले असेल तर तक्रार अवश्य करा. ॲपच्या पानावर तशी सोय असते. फक्त ‘ॲप चालत नाही’ एवढेच लिहू नका, त्यावरून कोणालाच काही करता येत नाही. ‘फोटो जात असताना फोन आडवा केला आणि फोटो नाहीसा झाला, रेंज मंद होती,’ असे लिहा. फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, तेही लिहा. हे एक वाक्य वाचल्यावर आपल्या प्रोग्रॅममध्ये नेमके कुठे पाहायचे ते लिहिणाऱ्याला कळते, आणि चाळीस सेकंदांचे नेटवर्क त्याला आपल्या टेबलावर मुद्दाम मंद करून तपासता येते.